सनद पाहिल्यावांचून

घरांत कोणी आजारी पडलें, म्हणजे औषधाच्या आधीं सल्ले येऊन पोंचतात, हा अनुभव एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस नवा नाहीं. दोन वर्षांपूर्वीं नांदेडांत, होळी भागांतल्या आमच्या जुन्या घरीं, आत्यांचा उजवा गुडघा धरला. थोरल्या काकूंनीं निर्गुडीचा शेक सुचविला. धाकट्या बंधूंनीं शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाज काढला. आणि ज्याच्या वाचनाचा घरांत थोडाबहुत दबदबा आहे, त्या मीं चिनी सुयांच्या उपचाराचें, म्हणजे ॲक्युपंक्चरचें, नांव काढलें. पुढें जें घडलें त्याचा दोष म्हणूनच प्रथम माझ्याकडे येतो.

ही विद्या जाणतों असें सांगणाऱ्या एका गृहस्थांची खोली घरापासून फार दूर नव्हती. खोली नीटनेटकी, भाषा आर्जवी, बोलतां बोलतां एखादें सुभाषित. भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांची तसबीर. "आपल्या सोलापूरच्या सुपुत्राची ही विद्या," असें ते तसबिरीकडे बोट करून म्हणाले, आणि माझें मन भरून आलें. अशा माणसास "आपण हें कोठें शिकलां?" असें विचारणें मला असभ्यपणाचें वाटलें. आपल्यांत ही एक खोडच आहे. मुलीसाठीं स्थळ पाहतांना आपण आजोळपर्यंत चौकशी करतों, सोनें घेतांना कस लावून पाहतों; पण ज्याच्या हातीं देह द्यावयाचा, त्यास सनद विचारण्याचा मात्र आपणांस संकोच वाटतो.

पांचव्या बैठकीनंतर तिसऱ्या दिवशीं गुडघा लाल होऊन सुजला व आत्यांस ताप चढला. रुग्णालयांत नेल्यावर सांध्यांत पू झाल्याचें निष्पन्न झालें, आणि तो शस्त्रक्रिया करून काढावा लागला. एकोणीस दिवस आत्या खाटेवर होत्या. तेथील डॉक्टरांनीं मला एकच प्रश्न विचारला, "सुया बंद पाकिटांतल्या, नव्या होत्या का?" मला ती पोलादी तबकडी आठवली, आणि तींत पडलेल्या सुट्या सुया. प्रत्येक बैठकीस मीं त्या पाहिल्या होत्या. पुढें त्या गृहस्थांकडे जाऊन मीं प्रथमच त्यांची सनद मागितली, तेव्हां त्यांनीं सहा आठवड्यांच्या कुठल्याशा वर्गाचें प्रमाणपत्र पुढें केलें. नोंदणीचा क्रमांक त्यावर नव्हता. तो त्यांच्याकडे नव्हताच.

जें आधीं वाचावयाचें तें मीं मग वाचूं लागलों. पहिला धक्का तसबिरीचाच बसला. डॉ. कोटणीस हे मुंबईस शिकलेले शस्त्रवैद्य. काँग्रेसनें १९३८ सालीं चीनला धाडलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून ते गेले, आणि रुग्णसेवा करीत असतां ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच वारले. सुयांची विद्या इकडे आणली ती त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू ह्यांनीं. ते पुढें पुन्हां चीनला जाऊन ती शिकले, व १९५९ पासून कलकत्त्यास तिचा उपयोग करूं लागले. थोर पुरुषाची तसबीर ही कोणाचीही सनद होऊं शकत नाहीं, हें मला असें उशिरां कळलें.

ह्या विद्येनें काय बरें होतें आणि काय होत नाहीं, ह्याविषयीं विद्वानांत अद्यापि वाद आहे. पण ती शिकावी कशी, ह्याविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं स्पष्ट मार्गदर्शन केलेलें आहे. जो मुळांत डॉक्टर नाहीं, त्यानें ही चिकित्सा करावयाची तर २,५०० तास शिक्षण घ्यावें, आणि त्यांतील निदान १,००० तास प्रत्यक्ष कामाचे असावेत. रोज सहा तास धरले तरी हा चारशें दिवसांहून अधिक काळ होतो. सहा आठवड्यांत तो कसा बसावा? त्याच संघटनेनें २००८ सालीं शरीरावरील ३६१ बिंदूंच्या जागा निश्चित करणारा ग्रंथ काढला. चीन, जपान व कोरिया येथील जाणत्यांनीं एकत्र बसून हें काम केलें. आणि शेवटीं ज्या सहा बिंदूंवर एकमत झालें नाहीं, त्यांच्या दुसऱ्या जागाही त्यांत नमूद केल्या. हें वाचून मला आमचे गृहस्थ आठवले. त्यांस कोणत्याही बिंदूविषयीं कधींच शंका आली नव्हती.

कायदाही अगदींच नव्हता असें नाहीं. पश्चिम बंगालनें १९९६ सालीं आणि महाराष्ट्रानें २०१५ सालीं ह्या उपचारपद्धतीसाठीं स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडील कायद्यान्वये चिकित्सकांची नोंदवही ठेवणारी परिषद आली. केंद्र सरकारनेंही २०१९ सालीं ह्या पद्धतीस स्वतंत्र उपचारपद्धति म्हणून मान्यता दिली. नोंदवही होती, ती पाहावी असें मला सुचलें नाहीं.

हें सारें मी आत्यांच्या उशाशीं बसून वाचून दाखवीत असें. एके दिवशीं त्या म्हणाल्या, "अरे, हें आपल्याच घरांत एकदां होऊन गेलें आहे." माझे आजोबा, नाना, ह्याच घरांत वैद्यकी करीत. मुंबई इलाख्यांत वैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९३८ सालींच झाला होता. पण आमचा मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत. पुढें महाराष्ट्र झाला आणि १९६१ चा वैद्यकव्यवसायी अधिनियम आला, तेव्हां नाना संतापले. "तीस वर्षें मी नाडी पाहतों. आतां मुंबईनें मला नंबर द्यावयाचा?" अर्ज महिनाभर तसाच पडून राहिला. मग मुदखेडकडून एक बाई रडत आली. नानांचा शिष्य म्हणवून कोणी तिच्या मुलास भस्म दिलें होतें, आणि मूल दगावलें होतें. नानांचा असा शिष्यच नव्हता. त्या रात्रीं त्यांनीं आत्यांस हांक मारली, व दिव्यापाशीं बसवून अर्ज लिहवून घेतला. ते म्हणाले, "हा कागद माझ्या मानासाठीं नाहीं, पोरी. खरा कोण आणि खोटा कोण, हें त्या बाईला कळावयास कांहीं खूण हवी होती."

गुडघा भरून आला, तरी दुखणें उरलेंच. लातूरच्या त्यांच्या मैत्रिणीस सुयांच्या उपचारानें बरें वाटलें होतें, म्हणून आत्यांनीं पुन्हां तोच हट्ट धरला. मी साफ नाहीं म्हणालों. त्या हंसल्या. "ह्या खेपेस विचारणारी मी आहें."

लोहा, अहमदपूर, चाकूर असें करीत आम्ही लातूरला गेलों. तेथील बाईंची नोंदणी दाराशींच टांगलेली होती. आत्यांनीं चष्मा लावून क्रमांक आपल्या वहींत उतरून घेतला. बाईंनीं त्याबद्दल मुळींच वाईट मानलें नाहीं. हाडांच्या डॉक्टरांचे कागद पाहिल्यावांचून हात लावणार नाहीं, असें त्यांनींच बजावलें. मग आत्यांसमोर पाकीट फोडलें, आणि वापरलेल्या सुया लगेच एका बंद डब्यांत टाकल्या. "थोडें उतरेल, समूळ जाईल असें सांगत नाहीं," असें त्यांनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें, आणि झालेंही तसेंच. आत्या आतां देवघराची पायरी काठीवांचून चढतात.

वाचकांनीं माझ्यासारखा संकोच करूं नये, एवढेंच सांगावयाचें आहे. ज्याच्याजवळ सनद आहे, तो ती विचारल्यानें रागावत नाहीं.

परतीच्या गाडींत आत्या खिडकीशीं बसल्या होत्या. अहमदपूर सुटल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "नानांचा नंबर मला अजून पाठ आहे." आणि लहान मुलीनें पाढा म्हणावा तसा तो त्यांनीं म्हणून दाखविला.