प्रवाशास आवश्यक माहिती

आमचा पुतण्या उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस निघाला. प्रस्थानापूर्वीं त्या देशाची आवश्यक माहिती आम्हीं एका वहींत स्वहस्तें उतरून दिली : राजधानी बर्लिन, चलन यूरो, रविवारीं बहुतेक दुकानें बंद, संकटसमयीं दूरध्वनि ११२. वही चाळून तो म्हणाला, "काका, तेथें कोणीं आपल्या गांवाची माहिती विचारली, तर काय सांगूं?" पस्तीस वर्षें विद्यार्थ्यांस प्रश्न विचारणारे आम्ही निरुत्तर झालों! 'अंबरनाथास प्राचीन शिवालय आहे' यापलीकडे आम्हांस कांहींच सांगतां येईना.

लाजेनें म्हणा वा जिद्दीनें म्हणा, दोन दिवस ग्रंथ चाळून तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही त्यास घेऊन निघालों. वालधुनी नदीच्या कांठचें हें देवालय स्टेशनाच्या पूर्वेस आहे. त्यांतील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा असून त्यांत शिलाहार राजा मुम्मुणि याचें नांव आहे. मंडपांतून सुमारें वीस पायऱ्या उतरल्यावर गाभारा लागतो. तो वरून उघडा असल्यामुळें उजेड थेट पिंडीवर पडतो. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. भिंतींवरील शिल्प स्वस्थपणें पाहूं इच्छिणारानें तो दिवस टाळावा.

तेथून लोकलनें उल्हासनगरास आलों. दुसऱ्या महायुद्धांत येथें लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर त्यांतच सिंधी निर्वासित राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांचे हस्तें नगराची कोनशिला बसली. पत्ता सांगतांना आजही कॅम्पाचा क्रमांक सांगावा लागतो. एका वृद्ध दुकानदारास आम्हीं त्यांचें गांव विचारलें. ते म्हणाले, "कोणतें सांगूं? जेथें जन्मलों तें, कीं जेथें जगलों तें?" यावर पुतण्या बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

शेवटीं उलट दिशेस बदलापूर. येथें प्रवासी घोडे बदलीत, म्हणून हें नांव, अशी व्युत्पत्ति लोक सांगतात. उल्हास नदी एरवीं सौम्य. परंतु २७ जुलै २०१९ रोजीं तिच्या पुरांत बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, व हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. सबब, पावसाळ्यांत गाड्यांची चौकशी करूनच घराबाहेर पडावें.

रात्रीं पुतण्यानें तीच वही उलट बाजूनें उघडून स्वतः लिहावयास घेतली. जर्मनीचीं पानें चार होतीं. आमच्या गांवचीं सात झालीं.

वाचकहो, परदेशीं जाणाऱ्या मुलांस अशी वही अवश्य करून द्यावी. मात्र तत्पूर्वीं त्यांस बरोबर घेऊन एकदां आपलें गांव पाहून यावें.