आठ वर्षांचा कवी

एखाद्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘विटेसारखा मठ्ठ’ असावे, ‘तुम्ही हे ऐकले नाहीत तरी माझे काही अडत नाही’ अशा अर्थाचे काहीतरी गायकाने सुरुवातीलाच श्रोत्यांना सुनवावे, आणि तरीही ती तबकडी अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसावी, याला काय म्हणावे? आपल्याकडे एखाद्या कीर्तनकारबुवांनी उभे राहताच ‘उठून गेलात तरी चालेल’ असे सांगितले, तर श्रोते खरोखरच उठून जातील आणि जाता जाता आरतीच्या तबकातला आपला रुपयाही परत घेतील! इंग्लंडातल्या ‘जेथ्रो टल’ या वाद्यवृंदाने मात्र १९७२ साली नेमके हे धाडस केले. त्या तबकडीचे नाव ‘थिक ॲज अ ब्रिक’.

जेथ्रो टल हे त्या मंडळींपैकी कोणाचेच नाव नव्हे. हा गृहस्थ १६७४ साली जन्मलेला एक इंग्रज शेतीतज्ज्ञ. बी ओळीत पेरण्याचे यंत्र त्याने तयार केले. आपल्याकडे पाभर जे काम करते, तेच काम. त्याचे नाव घेतलेल्या या वाद्यवृंदाचा नायक इयन अँडरसन. आधी तो गिटार वाजवीत असे. गिटारीत आपल्यापेक्षा वरचढ माणसे पुष्कळ आहेत हे ध्यानात येताच त्याने ती देऊन टाकली आणि बदल्यात बासरी घेतली. ही बासरी तो एका पायावर उभा राहून वाजवतो. इंग्रज प्रेक्षकांना त्याची मोठी गंमत वाटली. आपल्याला तिचे काय अप्रूप? पाय दुमडून उभा राहिलेला बासरीवाला आपल्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या उभाच आहे.

मी या मंडळींचा भक्त झालो तो कॉलेजात असताना. एका मित्राच्या कॅसेटवरून दुसऱ्याने, दुसऱ्यावरून तिसऱ्याने अशी नक्कल होत होत त्यांची गाणी माझ्यापर्यंत पोचली. तोपर्यंत आवाजाला चांगलीच खरखर लागलेली असे, पण भक्ताला खरखरीचे काय! मात्र ‘थिक ॲज अ ब्रिक’ सबंध असे मी कधी ऐकलेच नव्हते. १९७६ सालच्या एका निवडक संग्रहात त्याचा तीनेक मिनिटांचा तुकडा होता. तेवढाच माझ्या ओळखीचा. बाकीचे मी जाणूनबुजून राखून ठेवले होते. याचे कारण त्या तबकडीचे वेष्टन. ते वेष्टन म्हणजे एक अख्खे बारा पानी वर्तमानपत्र आहे. पुढे निघालेल्या लहान चकत्यांबरोबर ते इतके बारीक छापून मिळे, की वाचायला भिंगच हवे. तेव्हा ऐकायचे तर मोठ्या तबकडीवर, आणि पेपर मांडीवर पसरून, असा माझा हट्ट. गेल्या पावसाळ्यात लंडनहून आलेल्या एका स्नेह्याने जुन्या बाजारातली एक प्रत आणून दिली आणि चाळीसएक वर्षांचा माझा उपास सुटला.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १९७० च्या सुमारास इंग्लंडातल्या काही तरुण वाद्यवृंदांना तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा कंटाळा आला. मग त्यांनी रॉक संगीतात ऑर्गन आणला, व्हायोलिने आणली, ताल मध्येच बदलू लागले, आणि सबंध तबकडीभर एकच विषय चालवण्याची टूम निघाली. ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणतात तो हाच. कीर्तनातल्या आख्यानासारखा प्रकार म्हणा ना! जेथ्रो टलची १९७१ सालची ‘ॲक्वालंग’ ही तबकडी अशीच आहे, असे समीक्षकांनी ठरवून टाकले. अँडरसन म्हणे, तसे काही नाही. समीक्षक म्हणत, तसेच आहे. तेव्हा त्याने ठरवले, की तुम्हांला आख्यानच हवे ना? मग घ्या! पुढच्या तबकडीवर त्याने एकच गाणे ठेवले. ते दोन्ही बाजू मिळून जवळजवळ चव्वेचाळीस मिनिटे चालते. आणि त्याचा कवी म्हणून जाहीर केला जेराल्ड बॉस्टॉक नावाचा आठ वर्षांचा मुलगा.

हा मुलगा कुठे नव्हताच. पण वेष्टनावरच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर त्याची ठळक बातमी आहे, आईबापांसह छायाचित्र आहे. बातमी अशी, की या बालकवीला काव्यस्पर्धेत बक्षीस मिळाले, परंतु त्याची कविता ऐकून सभ्य लोकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. मानसशास्त्रज्ञांनी पोराचे डोके ठिकाणावर नसल्याचा निर्वाळा दिला, आणि परीक्षकांनी बक्षीस काढून घेऊन ते ख्रिस्ती नीतीवर निबंध लिहिणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलीला दिले. आत गावच्या बारीकसारीक बातम्या, शब्दकोडे, ठिपके जोडण्याचे चित्र, एवढेच काय, खुद्द या तबकडीचे परीक्षणही आहे! गाण्यापेक्षा हा पेपर तयार करायला जास्त वेळ लागला, असे अँडरसन सांगतो. पेपर वाचल्यावर ते खरे वाटते.

त्या रविवारी दुपारी घरातली मंडळी वामकुक्षी करीत होती. मी सुई टेकवली. आमची आठ वर्षांची नात पेपरातली चित्रे बघत माझ्यापाशी जमिनीवर बसली होती. माझ्यासमोर तिचीच एक वहीदेखील होती. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेसाठी ‘पाऊस’ या विषयावर तीन मिनिटांचे भाषण मी लिहून द्यावे, असा माझ्या मुलीचा हुकूम होता. ‘पाऊस हे निसर्गाने मानवाला दिलेले वरदान आहे’ एवढे लिहून मी वही बाजूला ठेवली आणि कान तबकडीकडे लावले.

पहिली तीन मिनिटे पाठच होती. एकटी गिटार, मग हलकेच बासरी, आणि खांद्यावर हात ठेवून बोलावे तसा अँडरसनचा आवाज. माझ्या कॅसेटवर तो तुकडा जिथे संपायचा, ती जागा आली. आणि गाणे संपलेच नाही! ज्या बोळाला शेवटी भिंत आहे असे आपण जन्मभर समजत होतो, तिथून एकदम मोठा रस्ता फुटावा तसे झाले. ऑर्गन, विजेची गिटार, ढोल सगळे मिळून अंगावर चालून आले. जन्माला आलेल्या पोराचा वडीलधाऱ्यांनी ‘माणूस’ कसा करायचा याचे बेत गाण्यात सुरू झाले, आणि चाल लष्करी झाली. मी सवयीने बोटांवर मात्रा मोजू लागलो, तर समेवर यावे तोवर यांनी तालच बदललेला! मग मी मोजणे सोडून दिले आणि ऐकू लागलो. सुरुवातीची ती हळवी चाल अधूनमधून वेश पालटून भेटत होती. कधी बासरीवर, कधी ऑर्गनवर. जत्रेच्या गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा आणि हाक मारेपर्यंत नाहीसा व्हावा, तशी. थट्टा म्हणून रचलेल्या गोष्टीत इतके जीव ओतलेले काम? बावीस मिनिटांनी पहिली बाजू हळूहळू दूर जात विरली. मी तबकडी उलटायला उठलो.

तेवढ्यात नातीने विचारले, “आजोबा, ह्या मुलाचं बक्षीस का काढून घेतलं?”

“त्याची कविता मोठ्या माणसांना आवडली नाही.”

“काय होतं तिच्यात?”

“मोठी माणसं कशी वागतात ते होतं.”

“त्यानं एकट्यानं लिहिली?”

“अगं, असा मुलगाच नव्हता. ह्या बासरीवाल्यानं लिहिली आणि मुलाच्या नावावर घातली. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता.”

तिने क्षणभर विचार केला आणि अगदी सहज, वहीकडे बोट दाखवून म्हणाली, “म्हणजे माझ्या भाषणासारखंच!”

दुसरी बाजू मी निराळ्याच कानांनी ऐकली. खरे सांगायचे तर ती पहिलीइतकी बांधेसूद नाही. ढोलवाला एकटाच बराच वेळ बडवतो, मध्ये तुटकतुटक बोलणे येते, आणि आपली हुशारी दाखवण्याचा मोह मंडळींना आवरत नाही. पण शेवटाकडे व्हायोलिने भरून येतात, सगळ्या चाली एकमेकींच्या अंगावर धावून येतात, आणि मग सारे ओसरून पुन्हा ती पहिली एकटी गिटार आणि तो खांद्यावरचा हात. आता मात्र त्या आवाजात थट्टा उरलेली नव्हती. निदान मला तरी ती ऐकू आली नाही. शहाण्यांना मठ्ठ असणे म्हणजे काय ते कळत नाही, हा त्या नावातला टोमणा होता. तो गाणे संपल्यावर एखाद्या तक्रारीसारखा खोलीत राहिला.

नातीचे म्हणणे बरोबर होते आणि नव्हतेही. अँडरसनने आपले शब्द मुलाच्या तोंडी घातले, ते मोठ्यांना अस्वस्थ करण्यासाठी. आपण आपले शब्द मुलांच्या तोंडी घालतो, ते मोठ्यांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून. त्या इंग्रजी पेपरातले परीक्षक निदान मुलाची कविता ऐकून घाबरले तरी होते! आपल्या परीक्षकांना घाबरण्याची संधीच आपण देत नाही.

मी वही नातीच्या हाती दिली आणि म्हटले, “तूच लिही.” संध्याकाळी मुलगी रागावली. तिचेही चुकत नव्हते. “बाबा, सगळ्यांचे आईवडीलच लिहून देतात. हिनं एकटीनं लिहिलं तर ही मागे पडेल, त्याचं काय?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. नातीच्या भाषणात ओल्या मोज्यांचा वास होता, वॉचमनच्या खुर्चीखाली बसलेला बेडूक होता, आणि पाऊस आला की आई फोनवर ऑफिसातल्या लोकांशी जास्त मोठ्याने बोलते, हेही होते. तीन मिनिटांचे भाषण दीड मिनिटात संपले. नंबर आला नाही. अपात्रही ठरवले नाही, एवढेच! मुलीने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मात्र ती फोनवर बोलताना आवाज उतरवते आहे, असे माझ्या ध्यानात आले.

या तबकडीला चाळीस वर्षे झाली तेव्हा, २०१२ साली, अँडरसनने तिचा दुसरा भाग काढला. जेराल्ड मोठा होऊन पुढे काय झाला असेल, हा त्याचा विषय. त्याने एकच उत्तर दिलेले नाही. पाच दिली आहेत. तो पैशाला हपापलेला बँकवाला झाला असेल, रस्त्यावर राहणारा बेघर झाला असेल, अफगाणिस्तानातल्या लढाईत गेलेला सैनिक झाला असेल, सोवळेपणा मिरवणारा धर्मोपदेशक झाला असेल, नाहीतर कोपऱ्यावरचे लहानसे दुकान चालवणारा एक साधा माणूस. तो दुसरा भाग मी अजून ऐकलेला नाही. तोही राखून ठेवला आहे. जो मुलगा कधी जन्मलाच नाही, त्याचे पुढे काय झाले असेल याची काळजी त्याचा कर्ता चाळीस वर्षांनीही करतो. आपल्या घरातली मुले तर चांगली खरीखुरी आहेत. ती काय होणार, याची चिंता आपण रात्रंदिवस करतोच; त्यांना आज काय म्हणायचे आहे ते ऐकायला चव्वेचाळीस मिनिटे नकोत, दीडच पुरते.