वाड्यातलं न्हाणीघर
आज आर्किटेक्टने वाईच्या वाड्यातल्या नव्या बाथरूमचा नकाशा दाखवला. माडीवर, थेट सागवानी तुळयांवर, भला मोठा टब! भरला की 200 लिटर पाणी, म्हणजे 200 किलो. वर टबाचं आणि आंघोळ करणाऱ्याचं वजन वेगळंच. मी साफ नाही म्हटलं. पूर्वी न्हाणीघर खाली, मागल्या बाजूला असायचं ते उगाच नाही. ओल लाकडापासून लांब राहायची.

खरी काळजी भिंतींची. विटा-चुन्याची भिंत ओल घेते, तशीच बाहेर सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात. म्हणून गिलावा चुन्याचाच, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून मळलेला, घोटून गुळगुळीत केलेला. शॉवरपाशी मात्र आतून सुटी भिंत, मागे हवेला फट ठेवून.

काचेचं दार, भिंतीत लपवलेले पाइप, छतातून कोसळणारा शॉवर, सगळं हवंय मला. ऐषआरामाशी माझं भांडण नाही. आजीचा तांब्याचा बंब तेवढा शोभेला कोपऱ्यात उभा करायचा नाही. तो परसात पेटेल. इटालियन संगमरवर रद्द. खाली शहाबादी फरशी. तीही चुनखडीच, त्यामुळे अ‍ॅसिडची बाटली या दारातून आत येणार नाही.