अर्ध्या तासावरचं वाळवंट

वाळवंटाचे फोटो म्हटलं की सगळ्यांना जैसलमेरच आठवतं. पण दोस्तहो, तिकडे जायला पैसे कुणाकडे आहेत? आपला गंगापूर रोड आहे ना! पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यावर कॅमेऱ्यांची नुसती जत्रा असते. मे महिन्यात मात्र सावरगावच्या बाजूला बॅकवॉटरकडे फारसं कुणी फिरकत नाही. मी तेव्हाच बाईक काढतो. गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचं पाणी मागे हटलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या गाळाला भेगा पडलेल्या असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक भेगेत सावली भरते. दुपारी तीच जमीन सपाट, निर्जीव दिसते.

फोटो बघून रूमवर सगळे विचारतात, "राजस्थानला कधी गेला होतास रे?"

मी म्हणतो, "आपल्या नळाला पाणी येतं ना, तिथलाच आहे."

मग मात्र कुणी 'झकास' म्हणत नाही.