चहाचे 608 रुपये

मागच्या वर्षी 7 फेब्रुवारीला, रमाई जयंतीच्या कार्यक्रमात, औरंगाबादच्या एका वस्तीत आम्ही दोघंही बोललो. विषय नेहमीचाच, रमाईंचा त्याग. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा त्यांनी इकडे संसार कसा रेटला, किती दुःखं गिळली, हे सगळं सांगून झालं. समोरच्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं, टाळ्याही पडल्या. कार्यक्रमाला जोडूनच महिलांची रक्ततपासणी ठेवली होती. बाया लाजतात, कुणीतरी सुरुवात करावी लागते, म्हणून आमच्यातली जी बाई आहे तिनेच पहिलं बोट पुढं केलं. हिमोग्लोबिन निघालं 8.9. बाईला किमान 12 पाहिजे.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, आहारावर तर तुम्हीच बोलणार होतात ना?"

त्या दिवशी आहारावरचं भाषण आम्ही केलं नाही. घरी आलो आणि हिशेबाची वही काढली.

वही आमच्याकडे पहिल्यापासून आहे, कारण पगार कधीच वेळेवर होत नाही. एकीचं मानधन प्रकल्पाचे पैसे आले की येतं, दुसऱ्याचं त्यापेक्षा बेभरवशाचं. दोघांचं मिळून महिन्याला 23,000 रुपये धरा. त्यामुळे किराणा आम्ही महिन्याचा भरत नाही, आठवड्याचा भरतो. जाफर गेटचा रविवारचा बाजार हा आमचा कोठार. खरं म्हणजे यात आम्ही काही नवीन करत नाही. 'महिन्याचा किराणा' ही पगारदार माणसाची भाषा आहे. ज्यांची मजुरी शनिवारी हातात पडते ते रविवारी बाजार करतात. आमच्या आयांनी तर आठवड्याचाही कधी केला नाही. बाटलीत पाच रुपयांचं तेल, पुडीत दोन रुपयांची चहापत्ती, असा रोजचा संसार. डेव्हिड कॅप्लोविट्झ नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1963 साली एक पुस्तक लिहिलं, त्याचं नावच होतं 'गरीब जास्त पैसे देतात'. एम.ए.ला आम्ही ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. पाच-पाच रुपयांच्या तेलाची बेरीज करून पाहिली की ते घरचंच पुस्तक वाटतं.

तर वही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याचा खर्च होता 1,460 रुपये. त्यात दूध रोज एक लिटर, म्हणजे 420. साखर दीड किलो, 68. चहापत्ती 120. बेरीज 608. शिवाय टोस्ट-बिस्किटांचे 90 वेगळे. डाळ किती? अर्धा किलो तूर, 62 रुपये. अंडी शून्य.

दोन माणसांचं घर आणि चहावर 608. चळवळीतल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे सकाळी कुणी जातपडताळणीचे कागद घेऊन येतं, दुपारी बैठक, रात्री उशिरा बाहेरगावचा कार्यकर्ता मुक्कामाला. प्रत्येक जण दारातूनच म्हणतो, "जयभीम वहिनी, चहा टाका." पंचशीलात चहाचा उल्लेख नाही म्हणून आपण सगळे वाचलो. पण डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून आम्ही गप्पच झालो. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणजे डाळीचे पैसेही चहाने खाल्ले आणि उरलेल्या डाळीतलं लोहही.

वहीत अजून एक गोष्ट होती, म्हणजे नव्हती. आमच्यातला जो पुरुष आहे तो दिवसभर बाहेर असतो. गाडीवरचे पोहे, कधी वडापाव, कधी ऑम्लेट-पाव. रोजचे साधारण 40 रुपये, आठवड्याचे 240. हे पैसे वहीत कधी चढलेच नाहीत. ते 'प्रवासखर्चात' जायचे. कुणी लपवलं नव्हतं, तसं कधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ती मात्र घरी येऊन, पाहुण्यांचं झालं की, उरलेल्या भाकरीवर चटणी घेऊन बसायची. घरात बाई शेवटी जेवते हे आम्ही वस्तीत फळ्यावर लिहून शिकवतो. आमच्या घरातही तेच चाललं होतं, फक्त आम्ही त्याला 'कामाची गडबड' म्हणत होतो. या मुद्द्यावर त्या रात्री आमचं चांगलंच वाजलं. ते सगळं इथे लिहीत नाही.

आता अंडी शून्य का, ते सांगितलं पाहिजे. तेव्हा आम्ही एका 'चांगल्या' कॉलनीत भाड्याने राहत होतो. कामाच्या ठिकाणाजवळ, पाणी बरं, म्हणून. घरमालकांनी आडनाव विचारलं, काम विचारलं, आणि शेवटी हसत म्हणाले, "बाकी काही नाही हो, फक्त वशाट नको. अंडीसुद्धा नको, वासाचा त्रास होतो." भाडेकरारात ही अट लिहिलेली नव्हती. आम्ही मान डोलावली. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांसमोर आम्ही शाळेच्या पालकसभेत तावातावाने बोललो होतो. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, गरीब पोराला यापेक्षा स्वस्त आणि भेसळ नसलेलं दुसरं काय मिळणार, असं. आणि घरी येऊन पनीर आणत होतो, तेही महिन्यातून एकदा. दोनशे ग्रॅम पनीर 80 रुपयांना, त्यात प्रथिनं साधारण 36 ग्रॅम. तेवढीच प्रथिनं सहा अंड्यांत 39 रुपयांत मिळतात. घरमालकाच्या नाकासाठी आम्ही दुप्पट मोजत होतो किंवा, बहुतेक वेळा, खातच नव्हतो. पुढे जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यांचा निधी बंद केला आणि शाळांना लोकवर्गणीतून करा म्हणून सांगितलं. तेव्हा निवेदन द्यायला आम्ही गेलो, पण आधीसारखा आवाज चढला नाही.

जातीचा खर्च किती, असा प्रश्न कुणी विचारला तर आपण शिष्यवृत्ती, नोकरी, बढती यांची उदाहरणं देतो. किराण्याच्या यादीत तो कुठे बसतो हे शोधत नाही. आमच्या यादीत तो अंड्यांसमोरच्या शून्यात होता.

आम्ही समाजशास्त्रवाले, त्यामुळे आकडे लावून बघण्याची खोड. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये मांडलं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. 2022-23 च्या सरकारी उपभोग खर्च सर्वेक्षणात हा वाटा ग्रामीण भारतात 46 टक्क्यांच्या आसपास आणि शहरी भारतात 39 टक्के निघाला. ग्रामीण वाटा 50 टक्क्यांच्या खाली आला म्हणून देश सुधारला असे लेखही आले. आमचा आठवड्याचा 1,460 महिन्याला साधारण 6,300 होतो, म्हणजे 23,000 च्या साडेसत्तावीस टक्के. त्यांनी मोजला तो खर्चातला वाटा आणि आम्ही धरला तो मिळकतीतला, तरी अंदाज येतो. या हिशेबाने आम्ही खाऊनपिऊन सुखी घर. फक्त त्या घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन 8.9. कारण साधं आहे. भाडं, गावाकडचे पैसे, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, गाडीचं पेट्रोल हे सगळं ठरलेलं असतं, कमी होत नाही. कमी करता येतं ते एकच, पोट. अन्नाचा वाटा घटला म्हणजे माणूस सुखी झाला असं एंगेलच्या नियमावरून सांगणाऱ्यांनी ताटात काय आहे तेही एकदा बघावं. 1923 सालच्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये बाबासाहेबांचा भर रुपयाची खरेदीची ताकद स्थिर राहण्यावर होता, ते वाचताना पूर्वी आम्हाला विनिमय दर आणि सुवर्ण परिमाण एवढंच दिसायचं. आता तूरडाळ दिसते.

रेशनचंही सांगून टाकतो. आमच्यातल्या एकाचं नाव गावाकडे आईच्या प्राधान्य कार्डावर होतं. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा, त्यात माणशी महिन्याला पाच किलो धान्य, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत. आपल्या राज्यात ग्रामीण भागासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 44,000 आणि शहरासाठी 59,000. आमची मिळकत त्यात कुठेच बसत नाही. ती म्हणाली, नाव कमी करा, आपण लोकांना काय तोंडाने सांगायचं? तो म्हणाला, नाव कमी झालं तर आईचे पाच किलो जातात, आणि ते पाच किलो ती शेजारच्या विधवा बाईला देते. दोघांचंही बरोबर होतं. वर्षभर घोळ घातल्यावर नाव कमी केलं. आता गावाकडे गेलो की दहा किलो ज्वारी आईच्या घरी ठेवून येतो. शेजारच्या बाईचं कार्ड अजून झालेलं नाही, तो अर्ज आमच्याच पिशवीत फिरतो आहे.

घर बदललं. वस्तीजवळ, पाण्याची बोंब, पण काय शिजवता असं विचारणारं कुणी नाही. आणि मग यादी नव्याने मांडली. दूध अर्धा लिटर, साखर अर्धा किलो, चहापत्ती 60 ची, सगळं मिळून 293. टोस्ट-बिस्किटं बंद. वीस अंडी 130. मसूर, हरभरा, मटकी मिळून दीड किलो, 150. पालेभाजी वाढवली, त्यात चुका आणि अंबाडी, जी हंगामात अजूनही स्वस्त मिळते. ज्वारीत निम्मी बाजरी. वर लिंबू, कारण आंबट सोबत असलं की लोह चांगलं शोषलं जातं. आणि एक आड आठवड्याला पाव किलो बकऱ्याचं काळीज, 200 रुपये, म्हणजे आठवड्याला 100 पडतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घेतल्याच. काळीज ही गोळ्यांची जागा नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी आमचं नाव सांगून गोळ्या बंद करायचा.

काळजावरून घरात पाहुणे नाक मुरडतात. आपलेच लोक. "अजून वजडी-काळीज खाता? शिकले सवरलेले ना तुम्ही?" महाडला 1927 मध्ये बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असं सांगितलं, ते गावाने आपल्यावर लादलेल्या लाचारीविरुद्ध होतं. खाटकाकडून रोख पैसे मोजून आणलेलं ताजं काळीज आणि ती लाचारी यांचा काय संबंध? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या आपल्या ताटाची नोंद केली, त्याचं कौतुक आपण व्यासपीठावर करतो आणि ते ताट घरात दिसलं की लाजतो. चिकन सिक्स्टीफाइव्ह मात्र प्रतिष्ठित आहे.

नव्या यादीची बेरीज 1,473 झाली. आधीपेक्षा तेरा रुपये जास्त. तेवढ्या तेरा रुपयांसाठी आम्ही दोन वर्षं तिचं रक्त पातळ होऊ दिलं, असं म्हणायचं होतं. पण ते पूर्ण खरं नाही. खरी अडचण तेरा रुपयांची नव्हती, चहा कमी करण्याची होती. बाहेर खाण्याचे पैसेही आता वहीत चढतात आणि दोघांचे सारखे, 120-120.

चहावरून माणसं दुखावली. आम्ही दोन नियम केले. चहा जेवणाच्या आधी एक तास किंवा नंतर एक तास, आणि चहा प्यायला जो आला त्याने तो स्वतः करायचा, सगळ्यांना द्यायचा, भांडी घासायची. ओट्याजवळ एक डबा ठेवला, ज्याला जमेल त्याने पाच रुपये टाकावेत. एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना आम्ही काका म्हणतो, डबा बघून उठलेच. "आम्ही उपाशी राहून चळवळ केली, तेव्हा असा हिशेब नव्हता." आम्ही विचारलं, "काका, तुम्ही उपाशी राहत होतात तेव्हा काकू काय खात होत्या?" ते काही बोलले नाहीत. दीड महिना आले नाहीत. हा प्रश्न असा चारचौघांत विचारायला नको होता, असं आमच्यातल्या एकाला अजून वाटतं. दुसरीला वाटत नाही.

सप्टेंबरमध्ये तपासणी केली, 10.8. अजून 12 झालेलं नाही, गोळ्या चालू आहेत. यंदा 7 फेब्रुवारीला आम्हाला पुन्हा बोलावलं होतं. आम्ही भाषणाऐवजी वही नेली आणि वाचून दाखवली. टाळ्या कमी पडल्या. नंतर तीन बाया येऊन बसल्या आणि आपापल्या घरचा आठवडा तोंडी सांगू लागल्या. एकीचा चहा 350 चा निघाला, एकीच्या घरी नवऱ्याच्या दारूचा आकडा कुणाला माहीतच नव्हता.

मागच्या रविवारी काका आले. हातात दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी होती. चहा त्यांनीच ठेवला, साखर जरा जास्तच पडली. डब्यात मात्र काही टाकलं नाही.