घरचे खत

आमच्या गावच्या गावठाणाचा जो नकाशा पुढे नोकरीच्या निमित्ताने मला कचेरीच्या दप्तरात पाहावयास मिळाला, त्यावर चावडी होती, देवळे होती, विहिरी, ओढा आणि स्मशानभूमीदेखील होती. परंतु वेशीबाहेर ओळीने पसरलेल्या उकिरड्यांची त्यावर कोठेही नोंद नव्हती. तथापि कोणता उकिरडा कोणाचा आणि त्याची हद्द कोठे संपते, याविषयी गावात कोणाच्याही मनात संदेह नसे. आणि भाऊबंदांत वाटण्या होत तेव्हा जमीन, बैल आणि विहिरीवरील पाळ्या यांच्याबरोबर उकिरड्याच्या जागेचीही वाटणी पंचांसमक्ष होत असे. ज्या जागेस दप्तराने नाव दिले नाही, तिच्याच आधारावर गावाची शेती पिढ्यान्पिढ्या उभी होती.

कृष्णाकाठच्या त्या आमच्या घरी स्वयंपाकघरातून वाया जाणारे म्हणून जे असे ते फारच थोडे असे. भाजीची देठे, डाळींची फोलपटे, तांदळाचे धुवण, शिळ्या भाकरीचा तुकडा, हे सर्व आधी गोठ्यात जाई आणि जनावराने नाकारलेले तेवढेच उकिरड्यावर पडे. त्यावर चुलीतील राख, वैरणीचे चघाळ, मुताने भिजलेली गोठ्यातील माती आणि अंगणातील केर यांचे थर चढत. उन्हाळ्यात बहुतेक शेण गोवऱ्यांसाठी चुलीकडे जाई. पावसाळ्यात गोवऱ्या वाळत नाहीत, म्हणून तेच शेण उकिरड्याच्या वाट्याला येई. चैत्र-वैशाखात गाड्या भरभरून ते खत रानात जाई, ओळीने ढीग पडत आणि मृगाच्या आधी ते विसकटून कुळवाच्या पाळीने मातीत मिसळले जाई. शेताने घराला दिले त्यातील काही अंश घर शेताला परत करीत होते, आणि त्या परतफेडीत कोणी विशेष पुण्य मानीत नसे, इतकी ती अंगवळणी पडली होती.

गावाकडच्या या व्यवस्थेची थोरवी गाणारे लेखन मी पुष्कळ वाचले आहे आणि त्यातील प्रेम मला परके नाही. परंतु ही व्यवस्था ज्या हातांवर चालत होती त्या हातांचे स्मरण केल्यावाचून तिचे वर्णन पुरे होत नाही. दिवस उजाडण्यापूर्वी गोठा झाडून शेणाची भरलेली पाटी डोक्यावरून वेशीबाहेर नेण्याचे काम आमच्या घरी आई आणि चुलती करीत. वडिलांच्या वा चुलत्यांच्या डोक्यावर ती पाटी मी कधी पाहिली नाही. आणि गावाची जी घाण घरातील स्त्रीच्याही वाट्याला येत नसे, ती वतनाच्या नावाखाली महारवाड्यावर लादलेली होती. मेलेले जनावर ओढून नेणे हा त्यांचा जणू धर्मच, असे मानून गाव निश्चिंत असे. डॉ. आंबेडकरांच्या उपदेशाने त्या समाजाने ही कामे टाकली, १९५६ च्या धर्मांतराने त्या निश्चयाला नवे तेज दिले आणि १९५८ च्या कायद्याने वतनही रद्द झाले. त्या वर्षी एका शेतकऱ्याचा बैल मेला, तेव्हा तो कोणी न्यावयाचा यावर चावडीत दिवसभर खल झाला आणि शेवटी मालकानेच भावांच्या मदतीने तो ओढून नेला. त्या दिवशी गावाला प्रथमच उमगले, की घाण ही ज्या घरची त्या घराचीच असते.

पुढे तालुक्याच्या गावी शिकावयास राहिलो तेव्हा हेच सत्य अधिक विदारक रूपात समोर आले. तेथे टोपलीचे संडास होते. पहाटेच्या अंधारात भंगी स्त्री-पुरुष मैल्याच्या पाट्या डोक्यावरून नेत आणि नगरपालिकेच्या खत डेपोवर खंदकांत शहराचा केर आणि मैला यांचे थर एकावर एक पसरले जात. ही पद्धत डॉ. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास बंगळूरला शास्त्रशुद्ध केली होती; तीत ढीग वरखाली करावा लागत नाही, खंदक झाकून ठेवला की काही महिन्यांत खत तयार होते. त्या खताचा जाहीर लिलाव होई, ऊस-बागायतदार चढाओढीने बोली लावीत आणि जमा झालेली रक्कम नगरपालिकेच्या जमाखर्चात रीतसर दाखल होई. शेतीच्या दृष्टीने तो व्यवहार निर्दोष होता: शहराने खाल्लेले अन्न पुन्हा शेतात पोचत होते. परंतु त्या सुरेख वर्तुळाची एक कडी माणसाच्या डोक्यावरून जात होती, आणि जमाखर्चात तिच्यासाठी रकाना नव्हता.

महसूल खात्यात कारकून म्हणून लागल्यानंतर, एका बदलीच्या गावच्या जुन्या ग्रंथालयात, सर आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी मिळून लिहिलेले १९३१ सालचे पुस्तक माझ्या हाती पडले. होळकरांच्या इंदुरात १९२४ पासून सात वर्षे वनस्पतिसंशोधन संस्थेचे काम पाहताना हॉवर्डसाहेबांनी जी खतपद्धती बसविली, ती इंदूर पद्धती या नावाने जगभर गेली. पालापाचोळा व धसकटे, त्यांवर शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख असे थर द्यावेत, ओल राखावी, ठरावीक अंतराने ढीग वरखाली करून त्यास हवा द्यावी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत सिद्ध होते, असा तिचा सारांश आहे. ती सामग्री वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा उकिरडाच उभा राहिला. कारण तीतील एकही वस्तू आमच्या घराला अपरिचित नव्हती, फक्त हवा आणि ओल यांचे गणित नवे होते. हिंदुस्थानातील शेतकऱ्यांना आणि पिकांवरील किडींना आपले अध्यापक मानणाऱ्या त्या इंग्रज शास्त्रज्ञाविषयी मला तेव्हापासून नितांत आदर आहे, आणि एका मराठी रसायनशास्त्रज्ञाचे नाव त्याच्या शेजारी मुखपृष्ठावर आहे याचा अभिमानही आहे.

तथापि माझ्या मनातील तिढा सुटला तो त्या ग्रंथाने नव्हे, तर कणकवलीच्या मुक्कामात. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात माझी बदली झाली आणि अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली तेथे स्थापन केलेला गोपुरी आश्रम पाहण्याचा योग आला. अप्पासाहेबांचे चरित्र कोकणात सर्वांच्या तोंडी होते. १९३२ च्या डिसेंबरात रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेल्यावर उपोषण आरंभिले, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न वर्ज्य केले. ज्या कामातून सुटण्यासाठी एक समाज शतकानुशतके तळमळत होता, तेच काम हक्क म्हणून मागणारा हा ब्राह्मण केवळ त्यागाचे प्रदर्शन करीत नव्हता. गोपुरीत त्यांनी संडासाची अशी रचना लोकांपुढे ठेवली, की मैल्यावर माती व पालापाचोळा पडून त्याचे जागच्या जागी खत व्हावे आणि ताजी घाण वाहून नेण्याचा प्रसंग कोणावरच येऊ नये. मातीची परतफेड व्हावी, पण तिचे ओझे दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर असू नये, हे तेथे मी प्रथम एकत्र पाहिले. या दोन गोष्टींची फारकत आमच्या गावाने मानली होती, आमच्या शहराने मानली होती; गोपुरीने ती मानली नाही.

सेवानिवृत्तीनंतर पुण्यात तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहावयास आलो. येथे गोठा नाही, परसू नाही, आणि घरातून निघणारे सर्व काही एकाच पिशवीत भरून दाराबाहेर ठेवण्याची तेव्हा रीत होती. ती पिशवी कोठे जात असे हे पाहावयाचे असेल तर उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांकडे पाहावे. तेथील ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसला, त्यांच्या विहिरी नासल्या आणि अखेर त्यांना रस्त्यावर बसून गाड्या अडवाव्या लागल्या. मुंबईचे देवनार तर १९२७ पासून हेच भोगीत आहे. २०१६ च्या जानेवारीत तेथील डोंगर पेटला आणि त्याचा धूर शहरभर पसरला. अशा डोंगरात जो पेट घेणारा वायू साठतो, तो मुख्यतः आपल्या स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचा असतो. भाजीची देठे आणि फळांच्या साली हवेवाचून कोंडल्या की त्यांतून मिथेन निघतो आणि काळे, विषारी पाणी जमिनीत झिरपते. त्याच देठांना हवा मिळाली असती तर त्यांची माती झाली असती. वस्तू तीच. फरक केवळ तिला श्वास घेऊ दिला की नाही, एवढाच.

म्हणून माझ्या सज्जात आता भोके पाडलेले मातीचे माठ आहेत. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर, त्यावर सोसायटीच्या आवारातील बदामाची व पिंपळाची वाळकी पाने, आणि मग रोजची देठे, साली, चहाचा चोथा, बारीक चिरून. प्रत्येक ओल्या थरावर वाळक्या पानांची मूठ हवीच. कारण जिवाणूंना एक भाग नत्रासाठी पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो, आणि तो कर्ब वाळक्या पानांत असतो. माठ स्वतःच बोलतो: अमोनियाचा उग्र दर्प आला तर कोरडे कमी पडले, आंबूस कुबट वास आला तर हवा कोंडली. आरंभी एक-दोन दिवसांत हात घातला की ऊब लागते, नंतर पांढरी बुरशी जाळे विणते, कधी काळ्या सैनिक माशीच्या जाडजूड अळ्या वळवळतात आणि त्या कोणासही अपाय न करता सालींचा फडशा पाडतात. कैरीची कोय आणि मक्याचे बुरकुंड मात्र पुढच्या खेपेसाठी बाजूला काढावे लागते. शेवटी जे उरते ते काळे, हलके आणि पहिल्या पावसाच्या सुवासाचे असते. तो सुवास ज्या सूक्ष्म जीवांचा, तेच या माठात काम करून गेलेले असतात. लहान माठात ढिगासारखी धग चढत नाही, म्हणून त्या खतातून टोमॅटोची, भोपळ्याची, पपईची रोपे न पेरता उगवतात आणि ती उपटून टाकणे माझ्याच्याने होत नाही.

एवढ्याशा खताने देशाच्या शेतीत काही भर पडेल असा माझा दावा नाही. त्याचे मोल मला दुसरीकडे दिसते. आमच्या गल्लीत कचरा गोळा करावयास ज्या ताई ढकलगाडी घेऊन येतात, त्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत; १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था उभी राहिली. पूर्वी त्यांना पिशव्या फोडून सडलेल्या भाजीत बरबटलेले कागद आणि बाटल्या हातांनी निवडाव्या लागत. आमच्या मजल्यावरील बहुतेक घरांनी ओले घरात ठेवावयास आरंभ केल्यावर एक दिवस त्या म्हणाल्या, "काका, तुमच्याकडचा कागद आता कोरडा असतो, भाव नीट येतो. आणि घरी गेल्यावर हाताला वास येत नाही, पोरगी जवळ येते." मी जन्मभर वाचलेल्या खतविषयक साहित्यात त्या शेवटच्या वाक्याइतका भरघोस पुरावा मला आढळला नाही.

हाताने मैला उचलण्यास मनाई करणारा कायदा संसदेने १९९३ साली केला, पुढे २०१३ साली तो अधिक कठोर केला; २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घरास ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याचे कर्तव्य लावून दिले. हुकूम झाले, परिपत्रके निघाली, आणि सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेला मी त्यांचे महत्त्व कमी लेखणार नाही. परंतु ज्या देशात स्वच्छता म्हणजे घाण दुसऱ्याकडे सोपविणे, असे शतकानुशतके मानले गेले, तेथे या प्रश्नाचा निकाल कचेरीत लागणार नाही. सुशिक्षित कुटुंबातील कर्त्या पुरुषाने रोज सकाळी आपल्या घरच्या साली आपल्या हाताने माठात घालाव्या, आठवड्यातून एकदा त्या हाताने ढवळाव्या, आणि हे काम पत्नीवर, सुनेवर किंवा मोलकरणीवर ढकलू नये, एवढे त्याने करावे असे मला मनापासून वाटते. खत तर त्यातून होईलच. पण आपण जे खाल्ले त्याचे पुढे काय होते याची जबाबदारी पत्करणारा नागरिक त्यातून घडेल, आणि त्या नागरिकाची या देशाला खताहूनही अधिक गरज आहे.