परतीचा वारा

आम्हा बीडकरांच्या परिचयाचे बेट एकच. कंकालेश्वराचे जुने देवालय तळ्याच्या मधोमध उभे आहे. काठावरून लहानशी वाट ओलांडली की आपण बेटावर पोहोचलो. बिंदुसरेला पूर येतो तो वर्षातून चार दिवस, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे तर आमच्या जन्माला पुजलेले. अशा गावच्या चार व्यापाऱ्यांनी शिडाच्या नौकेतून सागरी बेटांच्या दर्शनास जावे, ही गोष्ट मोंढ्यात प्रथम कोणी खरीच मानली नाही.

निमित्त झाले आमच्यातील वडीलधाऱ्यांचे. त्यांना आम्ही सारे ‘भाऊ’ म्हणतो. कापसाच्या व्यापारात चाळीस वर्षे घालवून त्यांनी पेढी मुलांच्या हाती दिली आहे. यंदा दिशापरिमाण व्रत घेण्याचा त्यांचा निश्चय झाला होता. दहाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची सीमा आखून घ्यायची आणि त्या सीमेपलीकडच्या आरंभ-समारंभाशी, लोभाशी आपला संबंध तोडायचा, हे या पहिल्या गुणव्रताचे स्वरूप वाचकांना ठाऊकच आहे. भाऊंच्या वहीत पूर्वेस नागपूर, उत्तरेस इंदूर, दक्षिणेस श्रवणबेळगोळ अशी टिपणे झाली होती. पश्चिमेचा रकाना मात्र कोरा होता.

“पश्चिमेला समुद्र आहे एवढेच ऐकून आहे,” ते म्हणाले. “मुंबईला शंभरदा गेलो, पण काठावरून माघारी आलो. जे पाहिलेच नाही, ते सोडण्यात माझे काय जाते? एकदा आत जाऊन येऊ, मग रेघ ओढू.”

मुंबईतील एका परिचितांची तेहेतीस फुटी शिडाची नौका आहे. त्यांनी ती तीन दिवसांसाठी दिली आणि सोबत रायगडच्या किनाऱ्यावरील एक अनुभवी तांडेल दिला. बेत असा होता : पहिल्या दिवशी मांडवा, दुसऱ्या दिवशी खांदेरी-उंदेरी ही जोडबेटे पाहून, अलिबागचा कुलाबा किल्ला डाव्या हाताला ठेवून मुरूडपर्यंत जावे, जंजिरा व पद्मदुर्ग पाहावेत आणि तिसऱ्या दिवशी परतावे.

पौषातील एका पहाटे आम्ही निघालो. अहिल्यानगर, आळेफाटा करीत माळशेज घाट उतरताना हवा बदललेली कातडीला कळते. सह्याद्रीच्या त्या बाजूस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे साडेसहाशेच्या आसपास. ढग एकच, वाराही एकच. पण डोंगराशी हिशेब चुकता करून तो आमच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्या गाठीशी फारसे उरत नाही. आमचे पीकपाणी, उधारी, वसुली, सारे ज्या वाऱ्यावर ठरते, त्याच्या घरी आम्ही प्रथमच पाहुणे म्हणून चाललो होतो.

नौकेवर पाऊल ठेवताच पहिला प्रश्न निघाला तो चौविहाराचा. भाऊंच्या खिशात बीडच्या सूर्योदय-सूर्यास्ताचे छापील कोष्टक होते. मुंबई आणि बीड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, परंतु बीड पूर्वेस सुमारे तीन अंशांनी पुढे आहे. म्हणून सूर्य मुंबईच्या समुद्रात बीडपेक्षा सुमारे बारा मिनिटे उशिरा बुडतो. “बारा मिनिटांचा लाभ झाला,” असे आमचे एक मित्र हर्षाने म्हणाले. भाऊ हसले. “सकाळचेही पाहा. सूर्य बारा मिनिटे उशिरा उगवणार. बीडच्या घड्याळाने नवकारसी पाळली तर इथे पच्चक्खाण मोडेल.” संध्याकाळी जमा झालेले सकाळी नावे पडले आणि खाते बरोबर मिटले. ज्या गावी आहोत त्या गावचाच सूर्य मानावा, एवढी गोष्ट कोष्टकाने शिकविली.

मांडव्यापाशी नांगर टाकून सूर्यास्तापूर्वी आम्ही दशम्या, ठेपले आणि मुगाची उसळ घेतली. उकळलेले पाणी स्टीलच्या कॅनमधून घरूनच आणले होते. तांडेलाने आपला डबा मागच्या बाजूस जाऊन उघडला. आम्ही काही बोललो नव्हतो. त्यानेच आमची रीत ओळखली होती. पुढील दोन दिवस आमच्या आहाराचा मान त्याने राखला आणि समुद्रावरच्या त्याच्या शब्दाचा मान आम्ही राखावयाचा होता. हे दुसरे कलम पाळताना मात्र मी जवळजवळ चुकलो, ते पुढे येईलच.

शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी ‘मतलई वारे’ आणि ‘खारे वारे’ पाठ केलेले असतात. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दिवसा जमीन तापते आणि दुपारी तो समुद्राकडून जमिनीकडे येतो. परीक्षेत दोन गुणांचे हे उत्तर नौकेवर दिवसाचे वेळापत्रक होते. पहाटेच्या मतलईवर आम्ही नांगर उचलला. यंत्र बंद झाले आणि शीड भरले, तेव्हा प्रथम ऐकू आले ते मौन. मग पाण्याची सळसळ. शीड मोकळे सोडले की ते नुसते फडफडते आणि नौका जागची हलत नाही. दोराने त्याला योग्य तेवढे बांधले की तेच वस्त्र काही टन वजन ओढू लागते. भाऊंनी तो दोर हातात धरून पाहिला आणि बराच वेळ सोडला नाही.

आठ वाजून गेल्यावर नवकारसी पारून चहा झाला. सव्वानऊच्या सुमारास खांदेरी समोर आली. दोन टेकड्या, मध्ये खोलगट भाग आणि मोठ्या टेकडीवर १८६७ साली बांधलेले दीपगृह. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांनी या बेटावर तटबंदी उभारण्यास प्रारंभ केला. मुंबईच्या तोंडाशी हा किल्ला होणे इंग्रजांस परवडणारे नव्हते. त्यांनी जहाजे धाडून बेटाची नाकेबंदी केली. परंतु त्यांची अवजड जहाजे वारा पडला की खिळून राहत, आणि मराठ्यांच्या लहान, उथळ होड्या रात्री वल्ह्यांच्या बळावर त्यांच्यामधून निसटून बेटावर रसद पोहोचवीत. अखेर इंग्रजांना किल्ल्याचे अस्तित्व मान्य करावे लागले. शेजारच्या उंदेरीवर १६८० मध्ये सिद्दीने आपला किल्ला बांधला आणि पुढे कित्येक वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून उभी राहिली. खांदेरीचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत झाला आहे.

बेटावर उतरून आम्ही लोखंडी चाकांच्या गाड्यांवरील तोफा पाहिल्या. ठोकला असता धातूच्या भांड्यासारखा नाद देणारा एक मोठा दगड तेथे आहे, तोही वाजवून पाहिला. कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेल्या वेताळाच्या देवळापाशी आमचा तांडेल हात जोडून उभा राहिला. त्याचे झाल्यावर तो वळला आणि आकाशाकडे पाहून म्हणाला, “शेठ, आज खारा वारा जोराचा येईल. माझे ऐकाल तर इथूनच मुंबईला परतू.”

त्या क्षणी मतलई थांबली होती आणि खारा वारा सुरू व्हायचा होता. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा स्थिर दिसत होता. तांडेलाचे म्हणणे मला पटेना. तीन दिवसांचा बेत, इतका प्रवास, आणि जंजिरा न पाहता माघारी? मी म्हणालो, “वारा जोराचा असेल तर उत्तमच. मुरूड दक्षिणेला, वारा उत्तरेकडून. पाठीवर घेऊन पाच तासांत पोहोचू.” हा हिशेब खोटाही नव्हता. खांदेरीहून जंजिरा सुमारे चोवीस सागरी मैल, म्हणजे चव्वेचाळीस किलोमीटर. ताशी पाच मैलांनी सायंकाळच्या आत आम्ही तेथे असतो.

भाऊंनी तांडेलाला एवढेच विचारले, “आणि येताना?”

त्याने बोटाने पाण्यावर वाकडीतिकडी रेघ ओढून दाखविली. शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर थेट चालत नाही. तिला वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढावी लागते. त्यामुळे सरळ अंतराच्या जवळजवळ दीडपट पाणी कापावे लागते, आणि समोरून लाटा बसल्याने वेगही घटतो. नौकेचे यंत्र लहान, बंदरात ये-जा करण्यापुरते. भाऊंनी वही काढली. जंजिऱ्याहून मुंबई सरळ अडतीस मैल. नागमोडी चालीने पन्नासच्या वर. वेग ताशी चार. त्यांनी आकडे दोन रकान्यांत मांडून वही माझ्यापुढे केली. जाण्याच्या रकान्यात पाच तास. परतण्याच्या रकान्यात तेरा.

“जाणे स्वस्त आहे,” ते म्हणाले, “परतणे महाग. तू जाण्याचाच भाव काढलास.”

मी गप्प राहिलो. वाचकांपासून काय लपवावे? त्याच सुमारास लातूरला मोठी दुसरी पेढी काढण्यासाठी मी कर्ज उचलण्याच्या बेतात होतो. घरी मांडलेला तो हिशेबही असाच होता : बाजार तेजीत, पत चांगली, वारा पाठीवर. मंदी आली तर माघारी कसे यायचे, हा रकाना मी आखलाच नव्हता.

आपल्या परंपरेला समुद्र परका नाही. ज्ञाताधर्मकथेतील माकंदीपुत्रांची कथा आपण प्रवचनांतून ऐकली आहे. जिनपालित आणि जिनरक्षित हे चंपानगरीचे दोघे भाऊ अकरा सफरी यशस्वी करून घरी आले होते; धनाला तोटा नव्हता. आईवडील नको म्हणत असता ते बाराव्या सफरीस निघाले आणि त्यांचे जहाज फुटले. नवपदाच्या ओळीत वाचल्या जाणाऱ्या श्रीपाल रासात तर याच कोकणच्या किनाऱ्यावरील ठाणे बंदराचे नाव येते. धवल शेठने समुद्रात लोटलेला श्रीपाल तेथेच काठाला लागला. धवल शेठजवळ पाचशे जहाजे होती, तरी दुसऱ्याच्या संपत्तीवरची त्याची नजर हटली नाही. या कथा जाऊ नका असे सांगत नाहीत. त्यांतील वणिक पुन्हा पुन्हा समुद्रावर जातात. बाराव्या खेपेची गरज कोणती, हे मात्र त्या विचारतात. खांदेरीच्या धक्क्यावर तो प्रश्न मला प्रथमच स्वतःला विचारलेला वाटला.

आम्ही परतलो. बारानंतर वायव्येकडून पाण्यावर काळसर सुरकुती धावत आली आणि पाहता पाहता वारा उत्तरेकडे झुकत जोर धरू लागला. दक्षिणेस कुलाब्याचा तट दूरवर पुसट दिसत होता. त्याला तिथूनच नमस्कार केला. तांडेलाने मोठ्या शिडाचा खालचा भाग गुंडाळून ते लहान केले. वारा वाढला असता शीड आखडते घ्यावयाचे, हे व्यापाऱ्याला आश्चर्याचे वाटते; आम्ही तर तेजीत हात सैल सोडतो. पण शीड लहान होताच नौका कलायची थांबली आणि वेग तितकाच राहिला.

नंतरचे चार तास आम्ही चौघे कामाला जुंपलो होतो. तांडेलाने हाक दिली की एकाने एका बाजूचा दोर सोडायचा, दुसऱ्याने त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचा ओढायचा. एकाचा हात मागे राहिला की नौका वाऱ्याच्या तोंडावर अडखळे. खारे पाणी तोंडावर येत होते, एका मित्रास उलट्या झाल्या, माझ्या तळहातांना फोड आले. मुंबईच्या इमारती समोर दिसत असूनही प्रत्येक वळणानंतर त्या जागच्या जागीच भासत. एवढे हे खांदेरीहून. जंजिऱ्याहून हेच तेरा तास चालले असते, आणि त्यांतील बरेचसे अंधारात.

पाच वाजून गेल्यावर आम्ही बंदराच्या आडोशास शिरलो. सूर्यास्तास अजून तास शिल्लक होता. चौविहार निवांत झाला. भाऊंनी तांडेलाचे हात हातात घेऊन त्याचे आभार मानले. मीही त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “शेठ, रागावणारे सगळेच असतात, ऐकणारे थोडे.”

बीडला आल्यावर लातूरचा बेत मी मोडला नाही. परतीचा रकाना आखून तो पुन्हा मांडला, आणि जी पेढी निघाली ती पहिल्या बेताच्या निम्म्याने लहान, बव्हंशी स्वतःच्या भांडवलावर आहे.

भाऊंनी फाल्गुनात व्रत घेतले. समुद्र पाहून आले आहेत, आता मुंबईपाशीच रेघ ओढतील, असे सर्वांना वाटत होते. नियम घेऊन झाल्यावर मी त्यांची वही पाहिली. पश्चिमेच्या कोऱ्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरांत एकच शब्द होता : खांदेरी.